पानांचे खोटे आकडे

अगं, ये इकडं. पाहुणीसारखी दारात काय उभी राहतीस, जवळ सरक. कान धरणार न्हाई तुझा, पण दोन शब्द बोलणार आहे, ते ऐकून घ्यायचे. फोन उचलायचा नाही, गटातून न सांगता निघून जायचं आणि एका म्हातारीला पंधरा दिवस घरात येरझाऱ्या घालायला लावायच्या, ही कुठली रीत म्हणायची? माझं चुकलं. ते मी शंभर माणसांसमोर कबूल केलं. पण चुकलेल्या माणसाला चार शिव्या तरी द्याव्यात की! कोडोलीची पोर तू, तोंडात जीभ न्हाई व्हय तुझ्या?

समोर नाहीस म्हणून कागदावर बोलते. तुला माझे फक्त आकडे दिसले. त्या तीन दिवसांत इथं कोल्हापुरात मंगळवार पेठेत काय चाललं होतं ते तुला कुठं ठाऊक आहे? आणि हा कागद उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात पडला तर त्याला काही कळायला नको का, म्हणून पहिल्यापासून सांगते. कंटाळा आला तरी बस.

आमच्या सुनेनं मला गेल्या वर्षी फोनवरच्या वाचकांच्या गटात घातलं. शंभरावर माणसं. कुणी पुण्यात, कुणी साताऱ्यात, एक बाई तर थेट परदेशातून लिहिते. कोण काय वाचतंय ते सांगायचं, आवडलं तर कौतुक, नाही आवडलं तर भांडण. मला टाइप करायला जमत नाही, मी बोलते आणि फोन लिहून घेतो. गट चालवणारे एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी जानेवारीत टूम काढली. सव्वीस तारीख सोमवारी आलीय, शनिवार-रविवार धरून तीन दिवस सुट्टी, तर सगळ्यांनी आपापल्या घरात बसून फक्त वाचायचं. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या. एका जोडीनं एकच पुस्तक घ्यायचं आणि दर दोन तासांनी कितव्या पानावर आलो ते गटात लिहायचं. दोघांचंही संपलं तरच जोडी पुरी, एकाचं राहिलं की दोघं बाद. आणि सोमवारी संध्याकाळी सगळ्यांनी फोनवर तोंडं दाखवून पुस्तकाबद्दल बोलायचं.

चिठ्ठीत माझ्या वाट्याला तू आलीस. लग्नाला वर्ष झालेली, कोडोलीच्या शेतकरी घरातली नवी सून. पुस्तक तूच सुचवलंस. मिठागरात राबणाऱ्या एका बाईची कादंबरी, नवरा बोटीवर गेलेला, वर्षामागून वर्षं जातात, तो येतो का नाही. दोनशे ऐंशी पानं. मी म्हटलं, आणा. दोनशे ऐंशी म्हणजे काय, आम्ही अशी किती पालथी घातलीत!

तर शनिवारी पहाटेच आमची सगळी माणसं कोकणात गेली. लेक, सून, नात. "चला आई," म्हणत होती, मीच म्हटलं मला वाचायचंय. सून शहाणी आहे माझी. तिनं तीन दिवसांचं जेवण डब्यात भरून फ्रीजमध्ये लावलं, डब्यांवर वारांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. धुण्याभांड्याच्या बाईला सांगितलं, आईंना काही विचारायचं नाही. जाताना मला दम भरला, "आई, गॅस पेटवायचाच नाही. उठायचं नाही. राणीसारखं बसून वाचायचं." खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत उशी, पायाखाली पाट, शेजारी पाण्याचा तांब्या. असं सुख मला उभ्या जन्मात कुणी दिलं नव्हतं.

आणि त्या खुर्चीत मला दहा मिनिटं बसवेना.

पहिलं पान वाचलं. मिठाचे ढीग, ऊन, ती बाई. मग वाटलं मोरीतला नळ टपकतोय. उठून बघितलं, नव्हता टपकत. परत बसले. परत मिठाचे ढीग. मग वाटलं, गाडी कराडच्या बाजूला वळली असेल का आंबा घाटाच्या? उठून फोन बघितला. परत ढीग. तेच वाक्य तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा ते अगदी अनोळखी वाटायला लागलं. देवघरातली समई घासून काढली. आदल्या दिवशी निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात घेतले, एक खडा सापडला नाही. खाली तालमीची पोरं झेंड्यांच्या माळा बांधत होती, त्यांना गॅलरीतून उगीच सांगितलं, "डाव्या बाजूला उतरलीय रं माळ!" ती म्हणाली, "आज्जी, तुमी वाचा!" सुनेनं त्यांनाही सांगून ठेवलं होतं.

दहा वाजले. गटात टिंग टिंग सुरू झालं. कुणी तीस, कुणी सव्वीस, परदेशातल्या बाई चाळीस. मी तिसऱ्या पानावर. आता तीन काय लिहायचं? शंभर माणसांत माझं नाव आहे, आज्जी म्हणजे वाचणारी. मी फोनला म्हणाले, "बावीस." फोननं इमानेइतबारे लिहिलं. लगेच तुझं आलं, "बाप रे आज्जी! मी अकरावर."

मनाशी म्हटलं, दुपारी भरून काढते. दुपारी पाच पानं झाली नि लिहिली पंचेचाळीस. संध्याकाळी सहा वाजता एकशे दहा लिहिलं तेव्हा खरी मी नवव्या पानावर होते. खोट्याचं असं असतं बघ, पहिल्याला धाडस लागतं, दुसऱ्याला लाज लागते, तिसऱ्याला काहीच लागत नाही.

का होत होतं असं, ते मला तेव्हा कळलं नाही. सोमवारी कळलं, पण त्यासाठी तुला माझं जुनं सांगायला हवं. मी हातकणंगल्याकडची. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन पेठेत आले तेव्हा आता जिथं लेकाची गाडी लागते तिथं आमचा गोठा होता, दोन म्हशी. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बाईच्या हातात पुस्तक दिसलं की घरातली लक्ष्मी रुसल्यासारखं वाटायचं. मालक माझे चांगले होते, ते आपल्या कार्डावर पेठेतल्या वाचनालयातून पुस्तक आणायचे आणि गुपचूप म्हशींच्या आंबोणाच्या डब्यात ठेवायचे. धारेला बसायच्या आधी रेडकू सोडलं की म्हैस पान्हा घालेपर्यंत मिनिट दोन मिनिटं जातात. तेवढ्यात एक पान. घागर भरेपर्यंत एक पान. आत्याबाई देवळातून परत येईपर्यंत चार. उभ्यानं, एक कान दाराकडं ठेवून. बेचाळीस वर्षं मी अशी वाचली. कुणी यायच्या आत एवढं तरी, असं म्हणत. बैठक मारून, दिवसाढवळ्या, कुणाला न भिता वाचायचं म्हणजे काय, ते माझ्या अंगाला माहीतच नव्हतं गं. कुणीच येणार नसलं तर वाचायची घाई कशाला?

असो. रविवारी अकराच्या सुमाराला तुझा फोन आला. पहिल्यांदाच तुझा आवाज ऐकला. हळू बोलत होतीस, मागं कोंबड्या ओरडत होत्या.

"आज्जी, एक सांगू का? तुमच्यामुळं मला बसायला मिळालंय."

"माझ्यामुळं? ते कसं गं?"

"आमच्या आत्यांना मी सांगितलं, कोल्हापूरच्या एक आज्जी माझ्या जोडीला हायेत, त्यांचं वय पंच्याहत्तर. आत्यांनी फोन मागून घेतला, तुमचे आकडे बघितले. म्हणाल्या, ही म्हातारी एकशे दहा आन् तू पंचावन्न? आमच्या घरची पोर हारती व्हय? मी थापतो भाकऱ्या, धारा पण मीच काढतो. तू बस वाचत. त्या पेठंतल्या म्हातारीच्या म्होरं गेल्याबिगर उठायचं न्हाई!"

मी हसले.

"वर्षात पहिल्यांदा बसलीय मी, आज्जी," तू म्हणालीस. "माहेराहून आणलेली पुस्तकं ट्रंकेतनं निघालीच नव्हती. आणि काय गंमत सांगू, भाकऱ्या करता करता आत्या विचारत्यात, पुढं काय झालं त्या मिठागरवालीचं? मी वाचलेलं सांगती. त्यांना वाचता येत न्हाई ना. काल म्हणाल्या, त्यो दादला यायचा न्हाई बघ, असली माणसं येत न्हाईत."

तुझ्या आत्यांनी एवढं ओळखलं होतं आणि मला त्या नवऱ्याचं नावसुद्धा नीट माहीत नव्हतं.

फोन ठेवला आणि मी घरभर फिरले. स्वयंपाकघर, माजघर, देवघर, गॅलरी. तेव्हाच तुला सांगून टाकायला हवं होतं की, पोरी, मी खोटी आहे. पण सांगितलं तर तुला उठवतील. नाही सांगितलं तर तू माझ्या मागं डोळे फोडत धावणार. मला वाटलं, थांबते. एकशे पासष्टवर थांबले. बारा वाजता एकशे पासष्ट, दोन वाजता एकशे पासष्ट. म्हटलं पोरगी पुढं जाईल, तिच्या सासूला बरं वाटेल, झालं. तर तुझाच निरोप, "आज्जी, तब्येत बरी हाय न्हवं? आत्या विचारत्यात. आणि तुम्ही थांबला तर मी पण थांबते, म्हातारं माणूस दमलंय तर पुढं पळायचं न्हाई, असं म्हणत्यात." आता काय करू? बघ, तुझ्या आत्यांना शर्यत जिंकायची होती, पण पडलेल्यावर चढायचं नव्हतं. मी निमूटपणे फोनला एकशे ऐंशी सांगितलं.

सोमवारी सकाळी गल्लीत जिलेबीच्या कढया लागल्या. तुला सांगायला नको, सव्वीस जानेवारीला कोल्हापुरात जिलेबी घरात आली नाही तर झेंडा अर्ध्यावर राहिल्यासारखं वाटतं. तालमीच्या पोरांनी मला पाव किलो आणून दिली. जिलेबीबरोबर दूध पाहिजे म्हणून सुनेचा हुकूम मोडून मी गॅस पेटवला. दूध ठेवलं. ते वर यायला पाच-सात मिनिटं, तोवर ओट्याला टेकून उभी राहिले आणि सहज पुस्तक उघडलं. आणि अगं, वाचायला लागले! ती बाई दिसली मला, तिचे भेगाळलेले पाय दिसले. दूध उतू गेलं. मी दुसरं ठेवलं. मग डाळ शिजत घातली, मग कणीक मळून झाकून ठेवली, ती मुरेपर्यंत वाचलं. खाणारं कुणी नव्हतं, पण एकामागोमाग एक काहीतरी चढवत राहिले नि मधल्या फटीत वाचत राहिले. साडेतीनपर्यंत माझी चौऱ्याण्णव पानं झाली. खरी चौऱ्याण्णव. ओट्यावर सात माणसांचा स्वयंपाक.

चार वाजता तू लिहिलंस, "संपलं. रडले." खाली मास्तरांनी लिहिलं, "आजींचं झालं की जोडी पुरी." सगळे माझ्याकडं बघत बसल्यासारखं वाटलं. तुझं गेलं तर माझ्यामुळं. मी फोनला म्हणाले, "संपलं."

हे शेवटचं खोटं तुझ्यासाठी होतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण तुझ्यापाशी लपवून काय उपयोग? थोडं माझ्यासाठीही होतं.

संध्याकाळी सहाला फोनवर सगळ्यांची तोंडं चौकोनात आली. तुझ्या चौकोनात तू होतीस, डोक्यावर पदर, आणि शेजारी तुझ्या आत्या, खांद्याला खांदा लावून. चांगल्या धिप्पाड बाई. हातात जिलेबीची ताटली. आपली पाळी आली. तू किती छान बोललीस! मिठानं हात फाटतात ते, ती बाई पत्रं लिहून घेते ते. मग म्हणालीस, "शेवटाचं आज्जी बोलतील."

मला निसटता आलं असतं. शेवट चटका लावून जातो, असं म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. शेवटाबद्दल असंच बोलतात माणसं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तुझ्या आत्या फोनमध्ये डोकं घालून म्हणाल्या, "आज्जी, ऱ्हाऊ द्या बाकीचं. त्यो दादला आला का न्हाई तेवढं सांगा. ही पोरगी सांगंना झालीया. म्हणती, आज्जींच्या तोंडनं ऐका. दोन दिस झालं माझं कामात ध्यान न्हाई!"

काय तोंड होतं गं ते! लहान पोरासारखं वर केलेलं. वाचता न येणारी बाई, आणि साऱ्या गटात खरं ऐकायला ती एकटी बसली होती. तिला मी अंदाजानं 'आला' म्हणू का 'न्हाई आला' म्हणू? माझ्याच्यानं नाही झालं.

मी म्हणाले, "मला म्हाईत न्हाई. मी पुस्तक वाचलेलं न्हाई. आकडे खोटे लिहिलेत. पहिल्या दिवसापासून."

तुझ्या आत्यांनी ताटली खाली ठेवली, मला ती ठेवलेली ऐकू आली. त्या उठल्या. तू त्यांच्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं, आणि तुझा चौकोन काळा झाला.

पुढं गटात काय झालं ते तुला माहीत नाही, कारण तू निघून गेलीस. मला हार घातले लोकांनी! "आजी, तुमचा प्रामाणिकपणा भावला." फुलं, नमस्कार, टाळ्या. परदेशातल्या बाई म्हणाल्या, त्यांचीही वीस पानं खोटी होती. मास्तरांनी लिहिलं, पुढच्या वेळी आकडेच नकोत. सगळ्यांना हलकं वाटलं. त्या कोडोलीच्या पोरीचं काय झालं, हे एकानंही विचारलं नाही. मी तो फोन उचलून उशीखाली घातला.

लेक परत आल्यावर म्हणाला, "आई, खेळ होता गं, एवढं काय मनाला लावून घेतीस?" सून सात माणसांचा स्वयंपाक बघून डबे काढायला लागली. आठ दिवसांनी तिनंच विचारलं, "अजून उचलत नाही का ती?"

आणि परवा तुझा एकच निरोप आला. मी तो इतक्यांदा वाचलाय की सगळा पाठ आहे. "आज्जी, माझा राग न्हाई. आत्या म्हणत्यात, पुस्तकवाली माणसं असलीच, तोंडावर खोटं बोलत्यात. पुस्तक माळ्यावर ठेवलंय. शेवट सांगते म्हटलं तर नको म्हणाल्या. भाकऱ्या आता मीच करते."

बस. त्यानंतर तू पुन्हा गप्प.

राग न्हाई म्हणे! कर की राग. मला तुझ्या आत्यांचं काहीच वाईट वाटलं नाही, त्या बरोबर बोलल्या, एका पुस्तकवालीबद्दल तरी. मला झोंबतंय ते वेगळंच. माझ्या आत्याबाईंना पुस्तक नको होतं, त्यांचं मन मला कधी वळवता आलं नाही, तशाच गेल्या त्या. तुझ्या आत्यांचं मन आपण होऊन वळलं होतं. त्यांनी तुझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि तुला बसवलं. एवढी मोठी गोष्ट घडली होती कोडोलीत, आणि ती मी मोडली. आधी खोटं बोलून मोडली का नंतर खरं बोलून, हे मला अजून ठरवता येत नाही. खोलीतनं खोलीत जाते, खिडकी उघडते, लावते. चहा करते आणि प्यायची विसरते.

मी तुझ्या आत्यांना फोन करणार होते. पण फोनवर काय बोलू? फोनवरच तर हे सगळं झालं. माफी मागायची तर तोंड दिसलं पाहिजे, हात दिसले पाहिजेत, समोरच्याला उठून जाता आलं पाहिजे. खरं तर मीच यायला पाहिजे, पण गुडघे जिना उतरू देत नाहीत आणि लेक तुमच्या ऐन शेतीच्या दिवसांत मला तुमच्या दारात नेऊन बसवायला तयार नाही.

पुस्तक मात्र वाचलं मी. ओट्याला टेकून, गॅसवर काही ना काही ठेवून. दोनशे एकोणसाठ पानं झाली. शेवटचं प्रकरण तेवढं वाचलेलं नाही. तो आला का न्हाई ते मलाही माहीत नाही, आणि तुझ्या आत्यांनाही नाही. आपल्या तिघींत ते एकट्या तुलाच ठाऊक आहे.

तेव्हा असं कर. त्यांना माझं नाव सांगूच नकोस हवं तर. म्हण, बाजाराला जाऊ, देवीला जाऊ. कोडोलीची बस इथं येते, पेठेत कुणालाही आमचं घर विचार. खाली माझा लेक उभा राहील. वर आलीस की त्यांना खिडकीपाशी बसवू. त्या मला काय बोलायचं ते बोलू देत, मी ऐकून घेईन, मधी बोलणार न्हाई, शपथ. मग तू ते शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाच, त्या ऐकतील, मी ऐकीन. त्यांना नाहीच ऐकावंसं वाटलं तर चहा पिऊन जा, माझा आग्रह नाही. पण ये. येत्या रविवारीच ये की गं, आणि एकटी नको, आत्यांना घेऊन ये.